पहिला गेम कसा द्यावा?

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. सुट्टीत पुण्याहून आलेल्या मामेभावाने त्याला मोबाईलवर गाड्यांच्या शर्यतीची गोडी लावली. आता रोजचा हट्ट. गेम द्यावा का? – एक आई, वरवंड (ता. दौंड)

उत्तर : द्या, पण मोबाईल हातात कोंबून भाकऱ्या थापायला जाऊ नका. शेजारी बसून आळीपाळीने खेळा. (तुम्ही हराल, त्याला त्याचीच जास्त मजा वाटेल.) भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१च्या सूचनांप्रमाणे पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत हवा. त्यात टीव्हीही आला. त्यामुळे गेमला वीस मिनिटं पुरे, असं माझं मत.

या वयात घड्याळ कळत नाही, शर्यत कळते. ‘दहा मिनिटं’ म्हणू नका, ‘दोन शर्यती’ म्हणा. शर्यत अर्धी असताना मोबाईल हिसकावलात तर आकांत ठरलेलाच.

प्ले स्टोअरवर गेमचा वयोगट पाहा. नेट बंद ठेवून चालणारा गेम निवडलात तर जाहिरातींचा त्रास बराच कमी होतो. खरेदीला पासवर्ड लावा. जेवताना आणि झोपण्याआधी तासभर गेम नाही, हे आजोबांनाही बजावून ठेवा. नातवाच्या रडण्यापुढे तेच आधी विरघळतात.