वाचकांचे प्रश्न : वॉशिंग मशीन दुरुस्त करावं की नवं घ्यावं?

प्रश्न : आम्ही साडेसहा किलोचं फ्रंट लोड मशीन २०१८च्या दिवाळीत २८,५०० रुपयांना घेतलं. गेले काही महिने कपडे पिळताना मोठा आवाज यायचा. आता बटण दाबलं की दिवे लागतात, पण मशीन फिरत नाही. सर्व्हिस सेंटरचा माणूस येऊन गेला. ‘पीसीबी गेलाय, बेअरिंगही संपलंय, दोन्हीचे मिळून ११,८०० होतील, त्यापेक्षा नवीनच घ्या,’ असं तो म्हणाला. मशीनवर तर ‘१० वर्षं वॉरंटी’ असं स्टिकर आहे. दुकानदार जुन्या मशीनचे २,००० धरून ३२,०००चं नवं मशीन ‘नो कॉस्ट ईएमआय’वर द्यायला तयार आहे. यजमान म्हणतात दुरुस्त करू, मुलगा म्हणतो नवीन घेऊ. काय करावं?
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, आधी त्या स्टिकरविषयी. ती १० वर्षं बहुतेक वेळा फक्त मोटरची असतात. संपूर्ण मशीनची वॉरंटी वेगळी असते आणि ती बरीच कमी काळाची असते. पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), बेअरिंग, दाराचं रबर, पाणी काढणारा पंप यांतलं काहीच मोटरच्या वॉरंटीत येत नाही. मोटर फुकट बदलून मिळाली तरी मजुरी आणि व्हिजिट चार्ज ग्राहकाने द्यायचा, अशीही अट अनेक कार्डांवर बारीक अक्षरांत असते. हे ठळक अक्षरांत सांगायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही कार्ड शोधून ठेवा. तुमचं मशीन मोटरमुळेच फिरत नसेल, तर अजून वॉरंटी शिल्लक आहे आणि मोटरच्या किमतीचा भार तुमच्यावर नाही. म्हणून त्या माणसाला एकच प्रश्न विचारा : मोटर तपासली का? आणि ‘मोटर ठीक, पीसीबी सदोष’ हे जॉब शीटवर लिहून घ्या.

आता बेअरिंग. ते खरंच गेलंय का, हे घरीही बरंचसं कळतं. प्लग काढा, दार उघडा आणि रिकामा ड्रम हाताने फिरवा. घरघर ऐकू आली, किंवा ड्रमची पुढची कड वर उचलून पाहताना आतला ड्रम खुळखुळला, तर बेअरिंग गेलंय असं समजा. ड्रम गुळगुळीत फिरत असेल तर आवाजाचं कारण दुसरं असू शकतं. खालच्या बाजूचं छोटं झाकण उघडून पंपाचा फिल्टर पाहा. तिथे नाणी, हेअरपिना, ब्राच्या तारा सापडतात. दोन ड्रमच्या मध्ये अडकलेली एखादी तारही बेअरिंगसारखाच आवाज करते आणि ती काढायला फार खर्च येत नाही.

बेअरिंग गेलंच असेल, तर खर्चाचा खरा प्रश्न तिथे आहे. बेअरिंगची स्वतःची किंमत थोडी असते, पण तिथपर्यंत पोचायला जवळजवळ सगळं मशीन सोडवावं लागतं. बेअरिंग सहसा जातं ते त्याच्या पुढचं रबरी सील झिजून पाणी आत शिरल्यामुळे. म्हणून सील न बदलता नुसतं बेअरिंग बदललं तर पैसे वाया जातात. त्याच वेळी ड्रमच्या मागचा अॅल्युमिनियमचा तीन हातांचा सांगाडाही पाहायला सांगा. साबणाचा थर साचून तो वर्षानुवर्षं खात जातो. त्याला भेगा असतील तर दुरुस्तीचा विचार सोडून द्या. आणखी एक : काही मशीनच्या बाहेरच्या टबचे दोन भाग कारखान्यातच कायमचे जोडलेले असतात. तिथे बेअरिंग वेगळं बदलता येत नाही, अख्खा टब घ्यावा लागतो. तुमच्या मॉडेलमध्ये कोणता प्रकार आहे हे विचारा, अंदाजपत्रक त्यावरच ठरतं.

पीसीबीचं गणित वेगळं आहे. कंपनीचा माणूस बोर्ड दुरुस्त करत नाही, तो बदलतो. शहरातल्या बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे मात्र बऱ्याचदा एखादा रिले किंवा कपॅसिटर बदलून तोच बोर्ड पुष्कळ कमी पैशांत चालू होतो. बोर्डावर डिंकासारखा जाड थर ओतलेला असेल तर ते काम कठीण होतं. बोर्ड कुठेही करून घ्या, पण तो कशाने गेला हे विचारल्याशिवाय नवा बसवू नका. विजेचा कमी-जास्त दाब, अर्थिंग नसणं, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, मागून शिरणारी ओल यांपैकी कारण तसंच राहिलं तर नवा बोर्डही जाईल. पूर्ण नवं मशीन घेतलं तरी हेच लागू आहे.

आता हिशेब. दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्त करा, हा नियम सर्रास सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात मशीन पुढे किती वर्षं चालेल हे येतच नाही. त्याऐवजी एका वर्षाला किती पैसे पडतात ते काढा. दोन्ही कामं करून मशीन आणखी तीन वर्षं चाललं असं धरू : ११,८०० भागिले ३, म्हणजे वर्षाला सुमारे ३,९००. नवं मशीन तुम्हाला ३०,०००ला पडतं आणि नऊ वर्षं चाललं तर वर्षाला सुमारे ३,३००. म्हणजे दोन्ही बिघाड खरे असतील तर नवं घेणं परवडतं. पण समजा बेअरिंग चांगलं निघालं आणि फक्त बोर्डाचे ५,५०० लागले, तर वर्षाला सुमारे १,८०० पडतात. मग यजमानांचं म्हणणं बरोबर आहे, दुरुस्तच करा. म्हणून ११,८०० हा एकत्र आकडा मान्य करू नका. बोर्ड, बेअरिंग, सील, मजुरी आणि १८ टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून मागा.

नव्या मशीनने वीज वाचेल, या भरवशावर निर्णय घेऊ नका. फ्रंट लोड मशीनमध्ये गरम पाण्याच्या धुण्याला बहुतेक वीज पाणी तापवायलाच लागते. थंड पाण्याचा प्रोग्राम लावलात तर ती बचत जुन्या मशीनवरही होते.

‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना स्पष्ट सांगितलं होतं, की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज किमतीत मिसळलेलं असतं, किंवा रोखीवर मिळणारी सूट त्यासाठी काढून घेतलेली असते. वर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी. तेव्हा दुकानदाराला आधी ‘जुनं मशीन न देता, रोख, शेवटचा भाव किती?’ असं विचारा. तो ३०,००० किंवा त्याहून कमी निघाला, तर तुमच्या जुन्या मशीनचे त्याने काहीच दिलेले नाहीत. जुनं मशीन द्यायचं झालं तर ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे देण्याचा प्रयत्न करा.

कायद्याच्या बाजूने पाहता, इतक्या वर्षांनी झिजलेल्या भागासाठी कंपनीविरुद्ध तक्रार टिकणार नाही. सुटे भाग इतकी वर्षं ठेवलेच पाहिजेत, असं कंपनीला बांधून घालणारा कायदाही आपल्याकडे नाही. युरोपीय संघात मार्च २०२१पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही १० वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. तिथे कंपन्यांची सर्व्हिस आणि सुट्या भागांची माहिती मिळते, पण हक्क मिळवून द्यायला कायदाच लागेल आणि तो व्हायला हवा. पैसे भरून केलेली दुरुस्ती मात्र आजही कायद्याच्या कक्षेत येते. तोच बिघाड पुन्हा झाला तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. म्हणून बिल घ्याच. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

प्रश्न : मशीनला चौदा महिने झाले, वॉरंटी दोन वर्षांची. त्यात तीन वेळा बोर्ड बदलला. बदलून द्या म्हटलं तर ‘दुरुस्त करून देतोय ना’ असं उत्तर मिळतं.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकच भाग पुन्हा पुन्हा जातोय, हेच तुमचं बलस्थान आहे. तिन्ही भेटींच्या जॉब शीट गोळा करा. नसतील तर कंपनीला ईमेल करून मागा आणि त्याच ईमेलमध्ये मशीन बदलून देण्याची किंवा पैसे परत करण्याची मागणी १५ दिवसांची मुदत घालून करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं, किंमत परत करणं आणि भरपाई देणं असे आदेश ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३९खाली आयोग देऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. समोरची बाजू ‘तुमच्या घरच्या विजेमुळे बोर्ड जातो’ असं म्हणणारच. त्याआधीच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून दाब आणि अर्थिंग तपासून लेखी अहवाल घेऊन ठेवा. तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.