इंटरल्युकिन-३ : पेशींना पोचणारा निरोप

२०२० च्या कोरोनापासून 'इम्युनिटी' हा शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडी बसला. पण शरीरातल्या पेशी एकमेकींशी बोलतात कशा, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही. म्हणून हा छोटासा प्रयत्न. मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठी जरा सांभाळून घ्या!

आमचं गाव आष्टी, जिल्हा बीड. दिवाळीच्या आसपास मुकादमाचा निरोप येतो आणि ऊसतोडीची टोळी कारखान्याकडे निघते. निरोप ज्या टोळीला, तीच हलते; शेजारची नाही. शरीरातही असंच चालतं. रोगप्रतिकारक पेशी छोटी प्रथिनं सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. ज्या पेशीवर त्या प्रथिनाचा रिसेप्टर असेल, तिलाच तो निरोप कळतो.

इंटरल्युकिन-३ हे असंच एक सायटोकाइन. ते मुख्यतः टी-पेशी सोडतात. माणसातल्या या प्रथिनाची साखळी १३३ अमिनो आम्लांची. शरीरात ते इतकं थोडं असतं की तिथून काढून प्रयोगाला पुरणार नाही. मग करायचं काय? त्याचा जीन ई. कोलाय या जीवाणूत घालायचा आणि जीवाणूकडूनच प्रथिन बनवून घ्यायचं. यालाच रिकॉम्बिनंट प्रथिन म्हणतात. चमचाभर विरजणाने पातेलंभर दही लागतं, तसे थोडे जीवाणू फर्मेंटरमध्ये वाढत जातात. तापमान, ऑक्सिजन, पीएच सांभाळणं हे मात्र आपल्यासारख्या इंजिनीअरचं काम!

खरी कसोटी पुढे असते. जीवाणूत हे प्रथिन बहुधा चुकीची घडी पडून गोळा होतं. ते विरघळवून पुन्हा नीट घडी घालावी लागते. जीवाणूचं एंडोटॉक्सिनही काढावं लागतं. नाहीतर पेशी त्यालाच प्रतिसाद देतात आणि श्रेय प्रथिनाला जातं. शेवटी गोठवून सुकवलेली पावडर व्हायलमध्ये येते, तीही मायक्रोग्रॅममध्ये. व्हायल रिकामीच वाटते! म्हणून उघडण्याआधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, म्हणजे झाकणाला चिकटलेली पावडर तळाशी येते. विरघळवल्यावर छोटे भाग करून गोठवतात, कारण वारंवार गोठवलं-वितळवलं की प्रथिन बिघडतं. ते खरंच काम करतं का, हे पाहायला टीएफ-१ नावाच्या मानवी पेशी वापरतात. अशा निरोपाशिवाय त्या वाढतच नाहीत.

आता हे प्रथिन कशासाठी, ते बघू. आपलं हाड सतत मोडत आणि बांधलं जात असतं. मोडणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. उतारवयात मोडणं जास्त झालं की हाडं ठिसूळ होतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की उंदराच्या पेशींना इंटरल्युकिन-३ दिलं तर ऑस्टिओक्लास्ट होऊ घातलेल्या पेशी वाट बदलून मॅक्रोफेज होतात. एका कारखान्याला निघालेली टोळी दुसऱ्याच रस्त्याला लावावी, तसं! २०१० मध्ये त्याच गटाने मानवी पेशींवर काम केलं. तिथेही ऑस्टिओक्लास्ट थांबले, पण पेशी वळल्या त्या डेंड्रिटिक पेशींकडे.

हा फरक महत्त्वाचा आहे. उंदराच्या आणि माणसाच्या इंटरल्युकिन-३ मध्ये जेमतेम ३० टक्के साम्य आहे. उंदराचं प्रथिन मानवी पेशींवर चालत नाही, मानवी प्रथिन उंदराच्या पेशींवर चालत नाही. चुकीची व्हायल मागवली तर महिनाभराचा प्रयोग वाया.

माझ्या आजीने उमेदीची वर्षं उसाच्या मोळ्या उचलल्या. गेल्या वर्षी घरातच घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मी हे सगळं तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग पोरी, आण की माझ्यासाठी एक सुई त्याची!"

काय सांगणार? व्हायलवर स्पष्ट लिहिलेलं असतं : 'केवळ संशोधनासाठी.' इंटरल्युकिन-३ हे आज हाडांच्या आजारावरचं मान्य औषध नाही. एकच निरोप अनेक प्रकारच्या पेशी ऐकतात. हाड वाचवताना दुसरीकडे काय घडेल, हे तपासल्याशिवाय माणसाला टोचता येत नाही. "आजी, अजून वेळ आहे," एवढंच म्हणाले.

म्हणून मित्रांनो, लॅबमध्ये लेबल वाचायचा कंटाळा करू नका. कुठल्या प्राण्याचं, किती शुद्ध, कसं साठवलं, हे तीन प्रश्न आधी विचारा. आपल्या एका निष्काळजी रीडिंगने आजीसारख्यांची वाट आणखी लांबू नये, एवढंच!