निवासी सुधारकेंद्रांतील कठोर शिक्षा : अमेरिकेचा अनुभव आणि आपली जबाबदारी

“मूल हाताबाहेर गेले आहे, आता त्याला कोठे तरी कडक शिस्तीत ठेवले पाहिजे,” हे उद्गार शिक्षकांच्या आणि गावकारभाऱ्यांच्या कानांवर अनेकदा पडतात. शाळा बुडविणे, वाईट संगत, व्यसन, वडीलधाऱ्यांशी उद्दामपणे वागणे, घरातून पळून जाणे अशा गोष्टींनी हवालदिल झालेल्या आईवडिलांना कडक शिस्तीची निवासी संस्था हा शेवटचा आधार वाटू लागतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पालकांच्या नेमक्या याच भावनेवर गेल्या पन्नास-साठ वर्षांत खाजगी निवासी सुधारकेंद्रांचा फार मोठा व्यवसाय उभा राहिला. या केंद्रांत मुलांना कोणत्या शिक्षा देण्यात आल्या, त्यांतून काय अनर्थ ओढवले आणि तेथील शासनाला अखेर कोणते उपाय योजावे लागले, याचा अभ्यास आपल्याकडील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना उद्बोधक ठरेल.

केंद्रांचा उगम

या केंद्रांच्या कार्यपद्धतीचे मूळ १९५८ मध्ये कॅलिफोर्निया राज्यात चार्ल्स डेडरिच यांनी स्थापन केलेल्या ‘सिनॅनॉन’ या संस्थेत सापडते. ही संस्था मुळात प्रौढ व्यसनी व्यक्तींसाठी होती. तेथे सर्वांनी वर्तुळाकार बसावयाचे आणि एकेकाच्या दोषांवर इतरांनी कठोर शब्दांत तुटून पडावयाचे, अशी पद्धत होती. माणसाचा अहंकार मोडला म्हणजे तो सुधारतो, ही त्यामागील कल्पना. पुढे हीच पद्धत अनेक संस्थांनी उचलली आणि ती अल्पवयीन मुलांवर वापरली. आरंभीचे प्रौढ सदस्य बहुतांशी स्वेच्छेने येत असत. मुलांना मात्र त्यांच्या मनाविरुद्ध आणले जाई आणि बाहेर पडण्याची मुभा नसे. हा फरक मूलभूत स्वरूपाचा होता, परंतु त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

१९७० मध्ये फ्लोरिडा राज्यात ‘द सीड’ आणि मेन राज्यात ‘एलान स्कूल’ या संस्था सुरू झाल्या. १९७६ मध्ये फ्लोरिडातच ‘स्ट्रेट’ ही संस्था निघाली व ती १९९३ पर्यंत चालली. यांपैकी ‘द सीड’च्या पद्धतींची अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीने १९७४ मध्येच दखल घेतली होती. कोरियन युद्धातील अमेरिकन युद्धकैद्यांवर जे मनोदमनाचे प्रयोग झाले, त्यांच्याशी या पद्धतींचे साम्य असल्याचे समितीच्या अहवालात नमूद आहे. म्हणजेच धोक्याची सूचना फार लवकर मिळाली होती.

१९८० नंतर या व्यवसायाला अनेक फाटे फुटले. निवासी उपचारशाळा, रानावनांत पायी हिंडविणारी शिबिरे, लष्करी कवायतीच्या धर्तीवरील ‘बूट कॅम्प’, धार्मिक वसतिशाळा असे त्याचे विविध प्रकार झाले. अनेक मुलांना भल्या पहाटे अंथरुणातून उठवून, पालकांनी पैसे देऊन बोलाविलेली अनोळखी माणसे घेऊन जात. कोठे व किती काळासाठी नेले जात आहे, हे मुलाला सांगितले जात नसे.

शिक्षांचे स्वरूप

बहुतेक केंद्रांत गुण आणि पायऱ्या यांची पद्धत असे. आलेले मूल सर्वांत खालच्या पायरीवर. त्याने आज्ञा पाळल्या म्हणजे गुण मिळत, मोडल्या म्हणजे कापले जात. बोलणे, घरी दूरध्वनी करणे, इतकेच नव्हे तर काही ठिकाणी परवानगीशिवाय इकडेतिकडे पाहणे, हे सर्व वरच्या पायरीवरच्या सवलती ठरविल्या जात. क्षुल्लक चुकीने महिन्यामहिन्यांचे गुण जात व मुक्काम लांबत जाई.

याखेरीज प्रत्यक्ष शिक्षा वेगळ्या. युटा राज्यातील एका संस्थासमूहाशी संलग्न असलेल्या ‘ट्रँक्विलिटी बे’ या जमेकातील केंद्रात मुलांना पहाऱ्यात जमिनीवर पालथे झोपवून ठेवीत. ही शिक्षा कित्येक दिवस, क्वचित आठवडेही चाले, असे वृत्तान्त २००३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. ‘एलान स्कूल’मध्ये एका मुलाला मध्ये उभे करून ताज्या दमाच्या मुलांशी पाळीपाळीने मुष्टियुद्ध करावयास लावीत, असे तेथील अनेक माजी विद्यार्थ्यांनी सांगितले आहे. एकांत खोलीत डांबणे, अन्न कमी करणे, थकून पडेपर्यंत कवायत करविणे, अनेकांनी मिळून मुलाला जमिनीवर दाबून धरणे, हे प्रकार निरनिराळ्या केंद्रांतून वारंवार उघडकीस आले. दुसऱ्या मुलाच्या चुका सांगितल्याबद्दल बढती मिळत असल्याने मुलांचा परस्परांवरील विश्वासही नाहीसा होई.

या सर्व शिक्षांपेक्षा घातक ठरली ती एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदविली पाहिजे. अनेक केंद्रांत पालकांना आरंभीच सांगून ठेवले जाई की, आपले मूल तक्रारी करील, आजारी असल्याचे सांगेल, मारहाण होते असे लिहील. ते सारे घरी परतण्यासाठी रचलेले ढोंग समजावे. मुलांची पत्रे वाचली जात व दूरध्वनीच्या वेळी कर्मचारी शेजारी बसे. अशा रीतीने मुलाचा प्रत्येक शब्द उच्चारण्यापूर्वीच खोटा ठरविला गेला.

ढोंग ठरलेल्या वेदना

अमेरिकन संसदेच्या अधीन असलेल्या शासकीय लेखा व उत्तरदायित्व कार्यालयाने ऑक्टोबर २००७ मध्ये या केंद्रांविषयीचा अहवाल सादर केला. १९९० ते २००७ या काळात छळाचे हजारो आरोप झाल्याचे त्यांत दिसून आले. केवळ २००५ या एका वर्षात ३३ राज्यांनी कळविलेल्या माहितीनुसार निवासी केंद्रांतील १,६१९ कर्मचारी छळाच्या घटनांत गुंतलेले होते. कार्यालयाने मृत्यूची १० प्रकरणे तपशिलाने तपासली. अप्रशिक्षित कर्मचारी, अपुरा आहार, व्यवस्थापनाची बेफिकिरी ही कारणे पुनःपुन्हा आढळली. मुलाच्या प्रकृतीतील गंभीर लक्षणे दिसत असूनही ती बतावणी समजली गेली, असेही यांतील काही प्रकरणांतून स्पष्ट झाले.

१९९४ मध्ये युटा राज्यातील एका शिबिरात १६ वर्षांचा मुलगा मरण पावला. त्याच्या पोटातील व्रण फुटून आतड्यांच्या आवरणास सूज आली होती. पोटदुखीची तक्रार तो सतत करीत होता, त्याचे वजन झपाट्याने घटले होते. परंतु तो सोंग करीत आहे असे मानून त्याला चालावयास लावण्यात आले.

जानेवारी २००६ मध्ये फ्लोरिडातील एका बूट कॅम्पमध्ये १४ वर्षांचा मुलगा धावताना थांबला. रक्षकांनी त्याला धरून ठेवले व त्याच्या नाकाशी अमोनियाच्या कुप्या दाबल्या. परिचारिका तेथे उभी होती. दुसऱ्या दिवशी मुलगा मरण पावला. हे केंद्र खाजगी नव्हते, ते जिल्ह्याच्या शेरीफच्या अखत्यारीत चालत होते. रक्षक व परिचारिका यांची २००७ मध्ये न्यायालयातून निर्दोष मुक्तता झाली. तथापि राज्याने २००६ मध्येच कायदा करून अशी शिबिरे बंद केली.

एप्रिल २०२० मध्ये मिशिगन राज्यातील केंद्रात १६ वर्षांच्या मुलाने भोजनगृहात पावाचा तुकडा भिरकावला, म्हणून अनेक कर्मचाऱ्यांनी त्याला कित्येक मिनिटे जमिनीवर दाबून धरले. १ मे रोजी तो रुग्णालयात मरण पावला. वैद्यकीय तपासणीत हा मृत्यू मनुष्यवध ठरला. पावाचा एक तुकडा आणि एक जीव, एवढेच त्या घटनेचे प्रमाण होते.

इतकी वर्षे हे कसे चालले?

धोक्याची सूचना १९७४ मध्येच मिळाली असताना पुढील अनेक दशके हा प्रकार चालू राहिला, याची कारणे शोधली पाहिजेत. पहिले कारण, पालकांची संमती. अल्पवयीन मुलाला मनोरुग्णालयात ठेवताना आधी न्यायालयीन स्वरूपाची सुनावणी आवश्यक नाही, पालकांचा निर्णय व तटस्थ वैद्यकीय तपासणी पुरेशी आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिला होता. खाजगी केंद्रांत तर पालकांच्या सहीनेच काम भागत असे.

दुसरे कारण, कायद्यातील पळवाटा. संस्था शाळा म्हणून नोंदली की आरोग्य खात्याची तपासणी टळे. धार्मिक म्हणविली की काही राज्यांत परवान्याचीच गरज नसे. मिसूरी राज्यात अशी सूट १९८२ पासून होती. ती २०२१ मध्ये कायदा करून आकुंचित करण्यात आली. तिसरे कारण, स्थलांतर. तपासणीचा ससेमिरा लागला की काही संस्थाचालक राज्याबाहेर, कधी देशाबाहेर केंद्रे काढीत. कोस्टा रिकातील असे एक केंद्र २००३ मध्ये व मेक्सिकोतील एक २००४ मध्ये बंद पडले. जमेकातील केंद्र २००९ पर्यंत चालले. मूल घरापासून जितके दूर, तितकी त्याची हाक क्षीण.

कायद्यासाठी रेटा लावला तो अखेर या केंद्रांतून गेलेल्या, आता प्रौढ झालेल्या व्यक्तींनी. पॅरिस हिल्टन या प्रसिद्ध महिलेने २०२० मध्ये युटातील एका शाळेत पौगंडावस्थेत स्वतःवर ओढवलेल्या प्रसंगांची माहिती जाहीर केली. पाठोपाठ मार्च २०२१ मध्ये युटा राज्याने कायदा केला. दाबून धरणे, एकांत कोंडणे आणि औषधांनी गुंगवून ठेवणे यांवर निर्बंध, वर्षातून चार तपासण्या व दर आठवड्यास कुटुंबाशी खाजगीत बोलण्याचा मुलाचा हक्क या त्यातील प्रमुख तरतुदी होत. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय पातळीवरही कायदा झाला. मात्र त्याचा भर अशा संस्थांचा अभ्यास करून शिफारशी करण्यावर आहे. प्रत्यक्ष नियंत्रण मुख्यतः राज्यांकडेच आहे.

आपल्याकडील तरतुदी

आपल्या राज्यात मुलांसाठीच्या कायद्याची परंपरा १९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्यापासूनची आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाच्या कार्यात शिक्षेला थारा दिला नाही, हाही आपलाच वारसा आहे. भारताने १९९२ मध्ये बालहक्कविषयक आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. अमेरिकेने त्यावर १९९५ मध्ये सही केली, परंतु त्यास मान्यता दिलेली नाही.

बालकांचा मोफत व सक्तीचा शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८२ अन्वये बालगृहातील कर्मचाऱ्याने शिस्तीसाठी मुलाला शारीरिक शिक्षा दिल्यास पहिल्या अपराधास १०,००० रुपये दंड आणि त्यानंतरच्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय त्यास सेवेतून काढून टाकण्याची तरतूद आहे. याच अधिनियमानुसार अशा संस्थांची नोंदणी बंधनकारक असून तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावयाची आहे. समितीत एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असावे लागतात. सहा वर्षांवरील मुलांच्या संस्थेत मुलांची समिती स्थापन होण्यास प्रभारी अधिकाऱ्याने साहाय्य करावयाचे आहे.

तरतुदी चांगल्या आहेत. परंतु अमेरिकेचा अनुभव असा की, मुलाचा शब्द जेथे आगाऊ खोटा ठरतो, तेथे कागदावरचे नियम निरुपयोगी होतात. म्हणून वसतिगृह, आश्रमशाळा किंवा बालगृह यांना भेट देताना पुढील गोष्टी आवर्जून पाहाव्यात. मुलांशी कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत बोलावे. घरच्यांशी शेवटचे बोलणे केव्हा झाले व त्या वेळी शेजारी कोण होते, हे विचारावे. तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते, याची चौकशी करावी. ती ज्याच्याविरुद्ध तक्रार व्हावयाची त्याच्याच खिशात असेल, तर पेटी असून नसून सारखीच. आजारपणाची नोंदवही उघडून, तक्रार केव्हा झाली आणि डॉक्टर केव्हा आले, या दोन तारखा पडताळाव्यात. कुलूप असलेली प्रत्येक खोली उघडून पाहावी. संस्थेला नोंदणी आहे का, हा प्रश्न तर पहिलाच.

शेवटी एक प्रसंग, जो कोणत्याही गावात घडू शकतो. संस्थेतून पळून आलेले मूल एस.टी. स्थानकावर अथवा शेतातल्या गोठ्यात सापडते. आपण त्याला खाऊ घालतो, चार समजुतीचे शब्द सांगतो आणि कर्तव्यबुद्धीने त्याच संस्थेच्या हवाली करतो. ते का पळाले, हे विचारावयाचे राहून जाते. अशा वेळी प्रथम त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, अंगावर वळ किंवा जखमा असल्यास वैद्यकीय तपासणी करवावी आणि १०९८ या क्रमांकावर कळवून बालकल्याण समितीपुढे त्याला हजर करण्याची व्यवस्था करावी. ते कदाचित खोटे बोलतही असेल. त्याचा निर्णय समिती चौकशीअंती करील. १९९४ मध्ये युटाच्या रानात पोट धरून चालणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो निर्णय चौकशीवाचून झाला होता. आपल्या गावी आलेल्या मुलाच्या बाबतीत तसे होऊ न देणे, हे सरपंच, शिक्षक आणि ग्राम बाल संरक्षण समितीचा प्रत्येक सदस्य यांच्या हाती आहे.