शुभवर्तमान सांगण्याचें काम कोणाचें?

वाचनपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ८:१-४ व २६-४०, १ पेत्र ३:१५

आपल्या गांवोगांवच्या मंडळ्यांत एक समजूत फार दिवस रुजून राहिली आहे. ती अशी कीं, शुभवर्तमान सांगणें हें पाळकाचें, प्रचारकाचें व बायबल-बाईचें काम; इतरांनीं रविवारीं उपासनेस यावें व दान टाकावें, म्हणजे त्यांचें कर्तव्य झालें. ही समजूत शास्त्राशीं जुळते काय, हें या पाठांत पाहूं.

१. पांगलेल्यांची साक्ष. स्तेफनाच्या वधानंतर यरुशलेमेंतील मंडळीचा मोठा छळ झाला. विश्वासणारे यहूदीया व शोमरोन या प्रांतांत पांगले. प्रेषित मात्र यरुशलेमेंतच राहिले, असें लूक मुद्दाम नमूद करितो. मग त्या प्रांतांत सुवार्ता प्रथम कोणीं नेली? जे पांगले होते त्यांनींच. त्यांच्यापाशीं ना पदवी, ना पगार, ना राहावयास घर. तरी जें त्यांस मिळालें होतें तें त्यांच्यानें लपवून ठेवविलें नाहीं. तेव्हां ही जबाबदारी सर्व मंडळीची आहे. पाळकाचें काम मंडळीस तिच्यासाठीं तयार करण्याचें आहे (इफिस ४:११-१२).

२. नागपुरची दोन उदाहरणें. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप इ. स. १८४५ सालीं नागपुरास आले. त्यांनीं शिक्षणाचा पाया घातला, गोंड लोकांचीं गीतें व चालीरीती टिपून घेतल्या, आणि ता. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट व बोरी या गांवांच्या दरम्यान ओढ्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. इ. स. १८८३ सालीं स्थापन झालेलें हिस्लॉप कॉलेज त्यांचें नांव आजहि चालवीत आहे.

दुसरें उदाहरण एका सहप्रवाशाचें आहे. इ. स. १८९३ सालीं कवि नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. डब्यांत एक युरोपियन गृहस्थ होता. काव्याच्या गोष्टी निघाल्या, मग धर्माच्या. शेवटीं त्यानें नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातीं दिली व ती वाचण्याविषयीं विनंति केली. टिळकांनीं वचन दिलें व तें पाळलें. डोंगरावरील प्रवचनाशीं येतांच त्यांस पुस्तक खालीं ठेववेना. ता. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढें त्यांच्या भजनांनीं व कीर्तनांनीं महाराष्ट्रांतील ख्रिस्ती उपासनेस मराठी वाणी दिली. हिस्लॉपांसारखें आयुष्य वेंचणें सर्वांस साधेल असें नाहीं; पण सोबत्याशीं आदरानें दोन शब्द बोलणें कोणास साधणार नाहीं?

३. फिलिप्पाची रीत. आतां गज्जाच्या वाटेवरील फिलिप्पाकडे पाहा. कूशी राणीचा खजिनदार रथांत बसून यशया वाचीत होता. फिलिप्पानें प्रथम ऐकून घेतलें, मग प्रश्न केला, आणि बोलावणें आलें तेव्हांच तो रथांत चढला. त्यानें वाद घातला नाहीं, कोणाच्या देवधर्माची निंदा केली नाहीं. त्या आगगाडीच्या डब्यांतील रीतहि अशीच दिसते. पेत्रहि सांगतो कीं, आशेचें कारण विचारणारास उत्तर द्यावयास सदा सिद्ध असावें, परंतु तें सौम्यतेनें व आदरानें द्यावें.

४. आमिषाचा प्रश्न. नागपूर जेव्हां मध्यप्रदेशाची राजधानी होतें, तेव्हां इ. स. १९५४ सालीं त्या सरकारनें न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखालीं मिशनांच्या कामाची चौकशी करण्यास समिति नेमिली. तिचा अहवाल १९५६ सालीं निघाला. शाळा, दवाखाने व पैसा यांचें आमिष दाखवून धर्मांतर होतें, असा आरोप त्यांत आहे. अहवालांतील पुष्कळ विधानें ख्रिस्ती लोकांनीं नाकारिलीं. तथापि तो प्रश्न आपण आपल्या मनास विचारलाच पाहिजे. राज्यघटनेचें २५ वें कलम धर्म पाळण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य देतें. परंतु प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचें धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं दिला. आम्हांस याचें नवल वाटत नाहीं. अंतःकरण पालटणें मनुष्याच्या हातीं कधींच नव्हतें. पौलानें लाविलें, अपुल्लोसानें पाणी घातलें, पण वाढ देवानें दिली (१ करिंथ ३:६). ज्यानें धान्य, नोकरी किंवा औषध पुढें करून नांव नोंदविलें, त्यानें सुवार्ता सांगितली नाहीं, सौदा केला. टिळकांस काय मिळालें? आप्तांचा रोष आणि कांहीं वर्षें पत्नीचा वियोग. तरी ते मागें फिरले नाहींत, कारण त्यांस कोणीं विकत घेतलें नव्हतें.

५. मग आपण काय करावें? भुकेल्यास अन्न द्यावें, तो उपासनेस येवो वा न येवो. शेजाऱ्याच्या घरीं दुखणें असेल तर रात्र जागवावी. मापांत व मजुरींत खोटें करूं नये. आणि कोणी कारण विचारिलें, तर लाजून गप्प न बसतां प्रभूचें नांव सांगावें. कृतीवांचून शब्द पोकळ. पण शब्दावांचून कृतीचें श्रेय आपल्याच पदरीं राहतें. शिवाय मंडळींतील तंटे मिटवावे. ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं याच नागपुरांत सहा मंडळ्या एकत्र होऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. आपल्या लोकांनीं एक व्हावें म्हणजे जग विश्वास धरील, अशी प्रभूची प्रार्थना आहे (योहान १७:२१). ज्या गांवांत दोन ख्रिस्ती घरें एकमेकांशीं बोलत नाहींत, त्या गांवानें आपली सुवार्ता कां ऐकावी?

मंडळींत विचारण्याचे प्रश्न :
(१) पांगलेल्या विश्वासणाऱ्यांपाशीं काय नव्हतें, व काय होतें?
(२) फिलिप्पानें बोलण्यापूर्वीं काय केलें?
(३) मदत व आमिष यांतील भेद आपल्या गांवच्या उदाहरणानें सांगा.
(४) या आठवड्यांत आपण कोणाचें म्हणणें प्रथम ऐकून घ्याल?