जुने ड्रिल मशीन घ्यावे काय? कारागीर बांधवांसाठी हिशोबाचा एक धडा

आमचा धंदा कापडाचा. मग लोखंडाला भोक पाडणाऱ्या यंत्रावर आम्ही का लिहावे, असा प्रश्न काही वाचक बांधव विचारतील. त्याचे उत्तर असे की, जुने यंत्र पारखून घेण्याची विद्या आमच्या धंद्याला फार वर्षांपासून ठाऊक आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथील कित्येक विणकरांनी आपला पहिला यंत्रमाग जुनाच घेतला होता. मुंबईच्या गिरण्यांतील संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत, आणि त्यांचे सामान भंगारात व जुन्या बाजारात गेले. मोठ्या गिरणीला दुरुस्तीसाठी स्वतःचे वर्कशॉप असे. त्यातील लेथ, शेपर व ड्रिल मशीनही त्याच वाटेने बाहेर पडली. म्हणजे कापडवाल्याचा आणि लोहाराचा हा प्रश्न एकच आहे: जुने यंत्र समोर उभे आहे, विकणारा त्याची तारीफ करीत आहे, खिशात रक्कम मोजकी आहे, घ्यावे की सोडावे?

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात दिघोरी हे गाव आहे. सगळा मुलूख धानाचा. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरची केजव्हील तुटतात, मळणीच्या दिवसांत थ्रेशर बिघडतो, ट्रॉलीचे हूक व पट्ट्या वर्षभर बदलाव्या लागतात. तेथील फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या एका तरुणाने आमचा सल्ला विचारला. नागपूरकडे एक विलायती बनावटीचे, उभ्या खांबाचे जुने ड्रिल मशीन विक्रीस आहे. सध्या तो हातातील ड्रिलने काम भागवतो. मोठे भोक असले की काम साकोलीला टर्नरकडे पाठवतो. बचत एका यंत्रापुरती आहे. यंत्र चांगले निघाले तर गावचे काम गावात होईल. वाईट निघाले तर बचतही जाईल आणि पुढचा हंगामही. त्याला आम्ही जे सांगितले तेच येथे क्रमाने मांडतो.

१) आधी काम पाहावे, मग यंत्र

आपल्याला किती जाडीचे भोक, कोणत्या धातूत आणि दिवसाला किती वेळा पाडायचे आहे, हे प्रथम कागदावर लिहावे. कारण प्रत्येक ड्रिल मशीन प्रत्येक कामाचे नसते. लाकडासाठी बनविलेली पुष्कळ जुनी यंत्रे हलकी आणि वेगवान असतात. पोलादात मोठे भोक पाडायला वेग कमी लागतो.

याचा हिशोब सोपा आहे. साध्या पोलादात हायस्पीड बिटच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरतात. त्यावरून १० मिलिमीटरच्या बिटला मिनिटाला सुमारे ८०० फेरे आणि २० मिलिमीटरच्या बिटला सुमारे ४०० फेरे योग्य ठरतात. बिट जितका जाड, तितके फेरे कमी. वेग जास्त ठेवला तर बिटची धार जळते, कारागीर बिटला दोष देतो आणि दर आठवड्याला नवा बिट आणतो.

समोरच्या यंत्राचा सर्वांत कमी वेग किती, हे विकणाऱ्याला विचारण्याची गरज नाही. आपल्याकडील नेहमीची मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते. बेल्ट मोटरच्या सर्वांत लहान पुलीवर आणि स्पिंडलच्या सर्वांत मोठ्या पुलीवर चढवावा. समजा लहान पुली ६० मिलिमीटरची व मोठी २०० मिलिमीटरची आहे. १,४४० ला ६० ने गुणून २०० ने भागले की ४३२ येतात. असे यंत्र पोलादात १८ मिलिमीटरपर्यंत सुखाने चालेल. २५ मिलिमीटरचे काम रोजचे असेल, तर ते यंत्र कितीही देखणे असले तरी आपले नव्हे.

२) यंत्राची परीक्षा

कापडाचे ठाण आम्ही उलगडून, उजेडासमोर धरून पाहतो. यंत्रही तसेच उलगडून पाहावे. नवा रंग दिलेले यंत्र दिसले की अधिक सावध व्हावे, कारण रंगाखाली सांधलेली चीर लपते. जाताना बरोबर एक लहान हातोडी, रॉकेल, खडू, जाड तार, पोस्टकार्ड आणि जमल्यास डायल गेज न्यावा. एक चांगला टर्नर बरोबर नेता आला तर त्याची दिवसाची मजुरी देऊन न्यावा. तो खर्च वाया जात नाही.

सांगाडा: ड्रिल मशीनचे अंग बिडाचे असते. बीड वाकत नाही, तडकते. हातोडीने हलके ठोकावे. धड बीड खणखणते, तडकलेले बद्द वाजते. संशय आला त्या जागी रॉकेल लावावे, पुसावे आणि वर खडू घासावा. चीर असेल तर आतले रॉकेल खडूवर रेघ काढून दाखवते. खांबाजवळ किंवा डोक्याजवळ चीर असेल तर सौदा तेथेच सोडावा.

स्पिंडल: बेल्ट काढून स्पिंडल हाताने फिरवावे. खरखर लागली तर बेअरिंग गेली समजावी. बॉल बेअरिंगवर नंबर असतो आणि त्या नंबराची बेअरिंग बाजारात मिळते, म्हणून हा ऐब फार मोठा नाही. पितळी बुशवर चालणाऱ्या फार जुन्या यंत्रात मात्र बुश टर्नरकडून बनवून घ्यावे लागते. नंतर स्पिंडल पूर्ण खाली घेऊन आडवे हलवून पाहावे. ज्या नळीतून स्पिंडल खालीवर होते तीच झिजली असेल, तर नवी बेअरिंग घालूनही ढिलेपणा जात नाही. चकमध्ये सरळ दांडा धरून डायल गेज लावला आणि दांड्याच्या टोकाशी ०.०५ ते ०.१० मिलिमीटरचा फरक दिसला, तर ट्रॉली-थ्रेशरच्या कामाला तो चालतो. फरक जास्त असेल तर तो चकचा आहे की स्पिंडलचा, हे चक काढून तपासावे. चक बदलता येतो; वाकलेले स्पिंडल महागात पडते.

टेपर: अमेरिकेच्या स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये पीळदार बिटचे पेटंट घेतले. त्याआधी चपटे बिट असत, आणि आपल्या सुताराचा सामता, ज्याला उर्दूत बर्मा म्हणतात, तोही चपट्या टोकाचाच. त्याच मोर्स यांच्या नावाचा टेपर आजही जगभर चालतो. मोठ्या ड्रिल मशीनच्या स्पिंडलमध्ये तो असतो. दोन नंबरच्या टेपरचे मोठे तोंड सुमारे १७.८ मिलिमीटर आणि तीन नंबरचे सुमारे २३.८ मिलिमीटर असते. जुन्या विलायती यंत्रातही हाच टेपर असेल, तर आपल्या बाजारातील चक व बिट त्यात बसतात. वेगळ्याच जातीचा टेपर असेल तर प्रत्येक वस्तू बनवून घ्यावी लागेल. टेपर तपासण्यासाठी स्वच्छ पुसलेल्या दांड्यावर खडूच्या तीन उभ्या रेघा ओढाव्यात, तो आत बसवून किंचित फिरवावा व काढून पाहावा. रेघा सगळ्या लांबीत पुसल्या गेल्या तर टेपर धड आहे. एकाच टोकाशी पुसल्या गेल्या तर चक काम करताना सुटेल.

टेबल: टेबलावर चुकून पाडलेली भोके दिसतात. चार-दोन भोकांनी काही बिघडत नाही. त्यावरून मागच्या कारागिराचा हात मात्र कळतो. चकमध्ये वाकडी केलेली तार धरावी, तिचे टोक मध्यापासून चार बोटांवर असावे. टेबल आणि टोक यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल इतके अंतर ठेवून स्पिंडल हाताने फिरवावे. चारी बाजूंना पोस्टकार्ड सारखेच सरकले तर टेबल काटकोनात आहे. डाव्या-उजव्या बाजूचा फरक बहुतेक यंत्रांत टेबल फिरवून काढता येतो. पुढच्या-मागच्या बाजूचा फरक सहजी निघत नाही.

शेवटी यंत्र चालवून, आपल्या कामातील सर्वांत जाड पट्टीत सर्वांत मोठे भोक आपल्यासमोर पाडून घ्यावे. विकणारा यंत्र चालवून दाखविण्यास तयार नसेल, तर त्याची किंमत चालू यंत्राची नव्हे, भंगाराची समजावी.

३) वीज आणि मोटर

मोटरवरील पाटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपली वीज ५० सायकलची. अमेरिकन बनावटीची जुनी मोटर ६० सायकलची आणि पुष्कळदा ११० व्होल्टची असते. ती आपल्या लायनीवर थेट जोडली तर जळेल. मोटर तीन फेजची असेल तर आपल्या दुकानात तीन फेजचे कनेक्शन आहे काय, हे पाहावे. नसेल तर एक फेजची मोटर लागेल व तिचा खर्च यंत्राच्या किमतीत धरावा. मोटर बदलणे कठीण नाही, पण विसरलेला खर्च हाच जुन्या मालातील खरा तोटा असतो.

४) किमतीचा हिशोब

कोणत्याही जुन्या यंत्राला दोन किमती असतात. खालची किंमत म्हणजे वजनाला भंगाराच्या भावाने गुणून येणारी. वरची किंमत म्हणजे त्याच क्षमतेच्या नव्या यंत्राची. सौदा या दोहोंच्या मधे व्हावा. खालील आकडे केवळ हिशोबाची रीत कळावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारात विचारून आपले आकडे भरावेत.

समजा यंत्राचे वजन १८० किलो आणि बिडाच्या भंगाराचा भाव किलोला ३० रुपये. खालची किंमत ५,४०० रुपये झाली. तशाच क्षमतेचे नवे देशी यंत्र ५०,००० रुपयांना आहे. विकणारा २२,००० रुपये मागतो. आता खर्च जोडावा: बेअरिंग २,०००, चक १,५००, बेल्ट ४००, स्लीव्ह ३००, एक फेजची मोटर ७,५००, टर्नरची मजुरी २,५००, वाहतूक व हमाली ३,०००. बेरीज १७,२०० रुपये. म्हणजे बावीस हजारांचे यंत्र दुकानात चालू होईपर्यंत ३९,२०० रुपयांचे झाले. नव्यापेक्षा बचत फक्त १०,८०० रुपयांची, आणि नव्याला मिळणारी गॅरंटी याला नाही.

आमचा ठोकताळा असा की, सर्व खर्चासह जुने यंत्र नव्याच्या दोन तृतीयांश किमतीवर जाऊ नये. ५०,००० चे दोन तृतीयांश सुमारे ३३,३०० होतात. त्यातून १७,२०० वजा केले की १६,१०० उरतात. न दिसलेल्या ऐबासाठी दोन हजार बाजूला ठेवले तर १४,००० च्या आसपास आपली शेवटची बोली राहते. ही रक्कम घरून निघतानाच कागदावर लिहून ठेवावी. यंत्रासमोर उभे राहिल्यावर माणसाचे मन हलते, कागद हलत नाही.

विलायती नावाचे आकर्षण पुष्कळांना असते. जुन्या इंग्रजी यंत्रांचे बीड जाड असते व ती वर्षानुवर्षे टिकतात, हे खरे. शौकीन लोक त्या नावासाठी जादा पैसे मोजतात. कारागिराने मोजू नयेत, कारण गिऱ्हाईक भोकाचे पैसे देतो, नावाचे देत नाही. बटाला, लुधियाना किंवा राजकोटच्या बनावटीचे धड देशी यंत्र मिळाले तर त्याचे सुटे भाग नागपुरात शोधणे सोपे जाते, हाही विचार करावा.

५) कागदपत्र

माल विकताना ऐब लपवू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. पण घेणाऱ्याने डोळे मिटून घ्यावे असे कोणी शिकविलेले नाही. कायदाही हेच सांगतो. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मालाच्या दर्जाची आपोआप हमी मिळत नाही. त्या धंद्यातील विक्रेत्याला आपण कोणत्या कामासाठी माल हवा हे कळविले आणि त्याच्या जाणकारीवर विसंबून तो घेतला, अशा प्रसंगी हमी मानली जाते. म्हणून पावतीवर यंत्राचे नाव, नंबर, किंमत, आणि “पोलादात अमुक मिलिमीटर भोक पाडण्यासाठी” हे शब्द लिहून घ्यावेत. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी स्वतः राबणाऱ्या कारागिराला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक म्हणून दाद मागता येते; त्यासाठीही पावती लागते. पावतीचा आणखी एक उपयोग आहे. माल चोरीचा निघाला तर आपण तो उघड व्यवहारात घेतला हे दाखविता येते. इसार द्यायचा असेल तर यंत्र चालवून पाहिल्यानंतरच द्यावा.

६) हातपाय सांभाळावे

जुन्या यंत्रांच्या बेल्टवर पुष्कळदा झाकण नसते. पत्र्याचे झाकण प्रथम बनवावे, काम नंतर. कुर्त्याची सैल बाही, खांद्यावरचा रुमाल, गळ्यातील ताविजाचा दोरा यांपैकी काहीही फिरत्या स्पिंडलजवळ नसावे. हातमोजेही घालू नयेत. मोजा बिटमध्ये अडकला तर हात ओढला जातो. पट्टी हाताने न धरता शिकंजात किंवा क्लॅम्पने आवळावी, आणि चकची चावी चकमध्ये कधीही सोडू नये.

दिघोरीच्या त्या तरुणाला आम्ही इतकेच सांगितले की, टर्नरला घेऊन जावे, १८ मिलिमीटरचे भोक समोर पाडून घ्यावे, आणि यंत्र धड निघाले तर आपल्या आकड्यापर्यंत बोली करावी. तेवढ्यात सौदा झाला तर रोवणीच्या आधी यंत्र दुकानात उभे राहील. न झाला तर सलाम करून परत यावे. जुनी यंत्रे पुन्हा विक्रीला येतात. घामाची बचत एकदा गेली की ती उभी करायला वर्षे लागतात.