थंड झाला म्हणजे विझला असं नव्हे

सिंदी (रेल्वे), जि. वर्धा
रविवार, रात्री

चि. ओंकार यास,


काल तुझा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर ओढत होतो. "मामा, वेपचं यंत्र हातात एकदम तापलं. घाईघाईनं सेल काढून फरशीवर टाकला. आता तो थंड आहे. पुन्हा वापरला तर चालेल का?" असं तू विचारलंस. मी एवढंच सांगितलं की खोलीबाहेर गॅलरीत रिकाम्या कुंडीत ठेव आणि चार्जरला लावू नकोस. का लावू नकोस, हे फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून जेवण झाल्यावर लिहायला बसलो.

तुझे आजोबा इथल्या जिनिंगवर गाठी मोजायला होते, हे तुला माहीत आहे. कापसात एखादा खडा आला, तो लोखंडावर घासला की ठिणगी पडते. आग दिसली तर माणसं धावतात, विझवतात. पण कधी ती ठिणगी रुईबरोबर प्रेसमध्ये जाते आणि गाठीत बांधली जाते. बाहेरून गाठ पांढरीशुभ्र, हाताला थंड. आत मात्र ती धुमसत असते आणि दोन-चार दिवसांनी पेट घेते. म्हणून आग लागून गेली की आजोबा संशयाच्या गाठी गोदामात ठेवू देत नसत, उघड्या पटांगणात वेगळ्या काढायला लावत. त्यावरून मालकाशी वाद झाले तरी ऐकत नसत. तुझा तो सेल म्हणजे अशीच एक गाठ आहे, असं समज.

आता आत काय झालं ते सांगतो. तू इंजिनिअरिंगला आहेस, हिशेब तुला कळेल. तुझ्या यंत्रात 18650 जातीचा सेल आहे, म्हणजे 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. पूर्ण चार्ज झाला की तो 4.2 व्होल्ट देतो. कॉइल तू स्वतः गुंडाळतोस. तिचा रोध 0.5 ओहम असेल तर 8.4 अँपिअर प्रवाह वाहतो. पण कॉइलचा एक पाय धातूच्या भिंतीला टेकला की रोध जवळजवळ शून्यावर येतो आणि शॉर्ट होऊन सेल देऊ शकेल तेवढा सगळा प्रवाह धावतो. समज, 40 अँपिअर वाहिले आणि सेलचा आतला रोध 0.025 ओहम आहे. चाळीस गुणिले चाळीस गुणिले 0.025 म्हणजे 40 वॅट. माझ्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता, आणि तीही अंगठ्याएवढ्या बंद डब्याच्या पोटात. महागड्या यंत्रात असा प्रवाह तोडणारं सर्किट असतं. तुझ्या साध्या नळीच्या यंत्रात बटण आणि सेल यांच्यामध्ये काहीच नसतं.

सेलच्या आत दोन पट्ट्यांमध्ये केसाहून पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो. साधारण 130 अंशांना तो वितळू लागतो. कुठे तो एवढासा अधू झाला असेल तरी बाहेरून दिसत नाही. शिवाय सेल फार खाली उतरला असेल तर आतल्या पट्टीचं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना भलत्याच जागी जमतं. म्हणजे खरा धोका शॉर्ट झाला त्या क्षणापुरता नसतो, पुढच्या चार्जिंगला तो पुन्हा उभा राहतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी जुन्या लॅपटॉपचे सेल काढून मी फवारणीच्या पंपासाठी बॅटरी बांधत होतो. स्क्रू ड्रायव्हर निसटला, सेलच्या टोकाला आणि कडेला एकदमच टेकला. ठिणगी उडाली, सेल तापला. मी तो बाजूला ठेवला. तासाभरानं मल्टीमीटर लावला तर 3.8 व्होल्ट. मनात म्हटलं, बरा आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार्जला लावून जेवायला गेलो. परत येतो तर शटरखालून पांढरा धूर. सेलनं फुसकारा टाकला होता, बाकाचा अर्धा भाग जळाला होता, शेजारचे दोन सेलही पेटले होते. भिंतीपलीकडच्या खोलीत शेजाऱ्याचा तीन क्विंटल कापूस भरलेला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. मीटर खोटं बोललं नव्हतं. पण मीटर फक्त व्होल्ट सांगतं, आतला पडदा शाबूत आहे की नाही हे सांगत नाही. मी त्याच्या एका आकड्यावर नको तेवढा भरवसा ठेवला, ही चूक माझी.

म्हणून आता हे कर. गॅलरीत जाऊन आधी दुरूनच बघ. सेल फुगला असेल, त्यातून गोडसर उग्र वास येत असेल, सूं असा आवाज होत असेल किंवा तो पुन्हा गरम लागत असेल, तर जवळ जाऊ नकोस. सोबतच्या मुलांना तिथून दूर ने आणि 101 ला फोन कर. तो धूर नाकात जाऊ देऊ नकोस, विषारी असतो. पेट घेतलाच तर रेतीनं फक्त ठिणग्या अडतात, आतली आग स्वतःच्या बळावर चालू राहते. तिला थंड करतं ते भरपूर पाणी, आणि तेही लांबून. कधी चार्जिंगला लावलेली बॅटरी पेटली तर आधी मेन स्विच बंद.

सेल शांत आणि थंड असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लाव. वरचं बटण तेवढं प्लस असतं, बाकी सगळा डबा मायनस. दोघांमध्ये फक्त प्लॅस्टिकचं पातळ आवरण असतं, म्हणून आवरण फाटलेला सेल एरवी चांगला असला तरी वापरायचा नाही. मग खापराच्या गाडग्यात कोरडी रेती घालून त्यात ठेव. झाकण घट्ट लावू नकोस. उन्हात नको, दाराच्या वाटेवरही नको. घंटागाडीत टाकू नकोस, कचऱ्याच्या दाबाखाली तो चेपला की गाडीवरच्या माणसाचा जीव धोक्यात येतो. 2022 च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या नि विकणाऱ्या कंपन्यांवर आहे. ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर आधी फोन करून 'हा सेल शॉर्ट झालेला आहे' असं स्पष्ट सांगायचं, मगच न्यायचा. आणि तो खिशात घालून शनिवारच्या गाडीनं इकडे आणू नकोस. भरलेल्या डब्यात तो पेटला तर लोक उतरणार कुठे?

आता चार्जिंगचं. सप्टेंबर 2022 मध्ये वसईत एका घरात ई-स्कूटरची बॅटरी रात्री चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. जवळ झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि पुढे दवाखान्यात दगावला. ती बातमी वाचली त्या दिवसापासून माझ्या दुकानात किंवा घरात रात्री काहीही चार्जला राहत नाही. तुम्ही मुलं फोन उशाखाली चार्जला लावून झोपता, तेही आजपासून बंद. जागं असताना, उघड्या फरशीवर, नजरेसमोर चार्ज करायचं. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांच्या खिशात कधीच टाकायचा नाही. अमेरिकेत 2009 ते 2016 या काळात वेपच्या आगी-स्फोटांच्या 195 घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या 61 खिशातच घडल्या. 2018 साली फ्लोरिडात असंच यंत्र फुटून एका माणसाचा जीव गेला.

शेवटचं, आणि माझ्या मनाला सगळ्यात लागलेलं. 2019 च्या कायद्यानं आपल्या देशात ई-सिगारेटचं, म्हणजेच वेपचं, उत्पादन, आयात, विक्री, साठवण सगळं बंद आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून ज्यानं तुला ते यंत्र दिलं त्यानं पावती दिली नाही, आणि सेल खरा की नकली हे विचारायला तुला दुकानही नाही. वर निकोटिन. ते मनाला कसं बांधून ठेवतं हे तुझ्या आजोबांच्या विडीवरून आपण घरात बघितलं आहे. त्यांनी हजार गाठी वाचवल्या, पण विडी त्यांच्यानं सुटली नाही. तुझ्यानं सुटेल, कारण तू अजून वाटेच्या सुरुवातीला आहेस. ते यंत्रही सेलबरोबरच देऊन टाक.

आईला सांगू नका म्हणालास. मी सांगणार नाही. पण तू सांग. ताई रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग स्वतःच फोन करेल. लपवलेली गोष्टही त्या गाठीसारखीच असते रे, वरून पांढरी आणि आत धुमसती. मला फोन करून तू ती निम्मी उघड्या पटांगणात आणली आहेसच.

मंगळवारी दुकान बंद असतं. सकाळच्या गाडीनं नागपूरला येतो, केंद्रावर दोघं मिळून जाऊ. तोवर रोज सकाळ-संध्याकाळ लांबून एकदा बघ आणि मला कळव.

तुझा,
मामा