टेम्पोचे इंजिन : काम करून घ्यावे की बदलावे?

मालेगावचे कापड भिवंडीला न्यायचे असो की गावोगावच्या बाजारात ठाण लावायचे असो, छोट्या व्यापाऱ्याची रोजी टेम्पोवर अवलंबून असते. गाडी दोन-अडीच लाख किलोमीटर चालली की कसारा घाटात दम तोडते, तेल पिते, धूर सोडते. मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो "फुल इंजिन काम करा", कोणी म्हणतो "दुसरे इंजिन टाका". दोन्ही सल्ले बहुधा अंदाजाने दिलेले असतात. कापड आपण मोजल्याशिवाय घेत नाही, मग हजारो रुपयांचे इंजिन न मोजता कसे ठरवावे?

आधी तपासणी

धुराचा रंग पुष्कळ काही सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. त्यासाठी एअर फिल्टर, नोझल व पंप तपासावेत. एवढ्यावर पुष्कळदा काम भागते व इंजिन उघडावे लागत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. यात रिंगा, बोअर किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेले असू शकतात. गरम इंजिनाचा पांढरा धूर व पाणी कमी होणे ही हेड गॅस्केट गेल्याची किंवा हेडला तडा गेल्याची खूण असू शकते. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. अशी गाडी चालवू नये.

यानंतर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन आणि ऑइलचा दाब गेजने मोजून घ्यावा. एकच सिलिंडर कमी असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता असण्याची शक्यता आहे. सगळेच कमी असतील तर इंजिन झिजले आहे असे समजावे.

काम केव्हा करावे

ब्लॉक शाबूत असेल तर इंजिन काम बहुधा परवडते. काही इंजिनांत लायनर बदलता येतो, काहींत बोअर वाढवून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. मोठे पिस्टन बसवतात. क्रँक घासून त्याच मापाचे बेअरिंग टाकतात. मात्र प्रत्येक कंपनीने मर्यादा ठरवलेली असते. क्रँक आधीच शेवटच्या मापापर्यंत घासला असेल तर तो नवाच घ्यावा लागतो. म्हणून इंजिन उघडल्यावर लेथवाल्याकडून बोअर व क्रँकचे माप कागदावर घ्यावे आणि मगच खर्चाला होकार द्यावा.

फक्त रिंगा बदलून "हाफ काम" करणे स्वस्त वाटते. पण बोअर अंडाकृती झिजला असेल तर नव्या रिंगाही थोड्याच दिवसांत तेल सोडतात. काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर हलका माल भरावा व ऑइल लवकर बदलावे.

बदलणे केव्हा योग्य

कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल, ब्लॉकला तडा असेल किंवा कामाचा खर्च नव्या इंजिनाजवळ जात असेल तर बदलणे बरे. जुने इंजिन घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, ते चालू करून दाखवावे. दोन, त्याचा नंबर स्पष्ट असावा व बिल मिळावे. नंबर घासलेले इंजिन चोरीचे असू शकते. ते कितीही स्वस्त असले तरी त्या कमाईत बरकत नाही. इंजिन नंबर आर.सी. बुकात लिहिलेला असतो. म्हणून बदलण्यापूर्वी आर.टी.ओ.ची परवानगी व नंतर नोंद घ्यावी, विमा कंपनीलाही कळवावे. नाहीतर फिटनेसच्या वेळी किंवा अपघाताच्या दाव्यात अडचण येते.

हिशेब असा मांडा

समजा, काम ६० हजारांत होते व गाडी आणखी तीन वर्षे चालेल. महिन्याला सुमारे १,६६७ रुपये पडतात. नवे इंजिन दीड लाखाचे आहे व ते सहा वर्षे चालेल. महिन्याला सुमारे २,०८३ रुपये पडतात. फरक थोडा वाटतो. पण गाडीची चेसिस व बॉडीच तीन वर्षांत संपणार असेल तर त्याच नव्या इंजिनाचा महिना ४,१६७ रुपये होतो. म्हणजे इंजिनाचे आयुष्य गाडीच्या आयुष्याशी जुळले पाहिजे. गाडी उभी राहील तितक्या दिवसांचे भाडेही हिशेबात धरावे.

नवे इंजिन व्याजाच्या कर्जावर घ्यावे लागत असेल तर आपल्यासाठी तो मार्ग बंदच आहे. अशा वेळी साधे काम करून गाडी चालू ठेवावी व पैसा साठवावा. काही शहरांत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था आहेत, तेथे विचारणा करावी.

मेकॅनिक बांधवांसाठी

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. गॅरेजच्या कामातही हीच सवय लावावी. कोणते भाग, कोणत्या मापाचे, किती किमतीचे हे आधी लिहून द्यावे. काढलेले जुने भाग गिऱ्हाइकाला परत करावेत, कारण त्याची गाडी आपल्याकडे अमानत असते. कारागिराचे नाव अशानेच होते.

गाडी विकणाऱ्यानेही इंजिनातील दोष जाड ऑइल घालून झाकू नये. धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ओले धान्य वर ठेवावे, म्हणजे लोकांना दिसेल, ही त्यांची शिकवण इंजिनालाही लागू आहे.

थोडक्यात, आधी मोजा, मग लिहा, मग खर्च करा. इन्शाअल्लाह पैसाही वाचेल आणि मनही निश्चिंत राहील.